नाव आधी की वास आधी

एप्रिलच्या शेवटी पुण्याच्या मार्केट यार्डात आंब्याच्या गाळ्यासमोर थोडा वेळ नुसतं उभं राहावं आणि गिऱ्हाइकांचे हात बघावेत. पेटीचं झाकण निघतं, वरचा पेंढा बाजूला होतो आणि माणूस बोलता बोलता थांबतो. आधी डोळे फिरतात. पिवळा कुठला, हिरवट कुठला, डाग कुणावर आहे. मग हात जातो. फळ तळहातावर किंचित वर-खाली होतं, अंगठा देठाजवळ टेकतो पण दाबत नाही, कारण समोरून "दाबू नका हो" येणार हे ठाऊक असतं. मग फळ उलटं होऊन नाकाशी जातं. चार-पाच सेकंदांचं काम, आणि कुणीही हा क्रम ठरवून आलेला नसतो. नाक देठाशी पोचतं नेमकं तेव्हाच आंबेवाला म्हणतो, "देवगड आहे ताई. नुसती साखर."

मला ह्या क्षणात फार रस आहे. वास नाकात शिरतोय आणि नाव कानात. दोन्ही एकाच वेळी आत जातात आणि बाहेर येतो तो एकच निकाल: "हो, वास छान आहे." त्या निकालात नाकाचा वाटा किती आणि कानाचा किती, हे त्या माणसाला सांगता येत नाही. मलाही येत नाही. पण गेली काही वर्षं मी ह्या प्रश्नाच्या मागे आहे. थोडं वाचून, आणि बरंचसं माझ्या थोरल्या काकूच्या शेजारी बसून.

माझं माहेर रत्नागिरीजवळचं. घरची थोडी कलमं आहेत, फार नाहीत. काकूची नजर काचबिंदूने हळूहळू गेली. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. अढीचं काम मात्र अजून तिच्याकडेच आहे. ज्यांनी अढी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. झाडावरून उतरवलेला आंबा खायला तयार नसतो. तो चौदा आणे, म्हणजे सोळा आण्यांत दोनच उणे, तयार झाला की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, देठासकट उतरवतात. देठ मोडला तर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. मग सारवलेल्या खोलीत भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंब्यांचा थर, परत पेंढा. पुढचे आठ-दहा दिवस आंबा तिथे पिकतो. पिकणारा आंबा जोरात श्वास घेत असतो, आणि त्या श्वसनातून उष्णता निघते. काकू पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालते, जरा थांबते आणि सांगते, "खिडकीकडच्या बाजूला ऊब आल्ये. उद्या तिथून सुरू करू."

दुसऱ्या दिवशी ती तिथूनच सुरू करते. एक फळ उचलते आणि बोटांत फिरवते. कच्च्या आंब्याची साल ताणलेली, गुळगुळीत, थंड. तयार होत आलेल्याची साल बोटाखाली जरा सरकल्यासारखी होते. अंगठा देठाच्या खळग्यात जातो. खळगा खोल आणि दोन्ही खांदे वर आलेले असले तर फळ झाडावर पुरतं भरलेलं होतं. मग नाकाशी. मग परत अंगठा, आता पोटाच्या बाजूला, अगदी हलका. हे परत जाणं मला महत्त्वाचं वाटतं. वासाने काहीतरी सुचवलं, म्हणून बोट पुन्हा एक प्रश्न विचारायला गेलं. बोटाला जे कळलं त्यावरून नाक परत एकदा खाली येतं, ह्या वेळी देठाऐवजी टोकाशी. फळ डावीकडच्या पेटीत जातं, "आजचा". किंवा उजवीकडे, "परवाचा". किंवा पेंढ्यात परत.

गावात लोक म्हणतात की डोळे गेले म्हणून तिचं नाक तिखट झालं. ती हे मान्य करत नाही. "अगो, नाक होतं तेच आहे. पूर्वी डोळा घाई करायचा, तेवढी घाई गेली."

डोळ्याची घाई म्हणजे काय, हे बाजारात चांगलं समजतं. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवून पिकवलेला आंबा सगळीकडून एकसारखा पिवळा होतो. कार्बाइडला दमट हवा लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो, साल रंग बदलते, आत मात्र फळ पिकलेलंच नसतं. कायद्याने ह्यावर बंदी आहे; परवानगी आहे ती मोजून सोडलेल्या इथिलीन वायूला. तरी असा आंबा विकला जातो तो केवळ डोळ्याच्या भरवशावर. पिवळा दिसला की आपण तो पिकलेला धरतो, आणि त्यानंतर नाकाला वास जरा कमीच आला तरी "गार हवेमुळे असेल" असं मनातल्या मनात समजावतो.

डोळा आणि हात यांचं म्हणणं वेगळं पडलं तर मेंदू कुणाचं ऐकतो, हा प्रश्न प्रयोगशाळेत फार सुंदर रीतीने तपासला गेला आहे. २००२ साली मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी लोकांना एका उंचवट्याची उंची ओळखायला लावली. उंचवटा खरा नव्हताच. तो डोळ्यांना खास चष्म्यातून त्रिमित दिसत होता, आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरला की यंत्र बोटांना त्याचा विरोध जाणवून देत होतं. त्यामुळे दिसणारी उंची आणि हाताला लागणारी उंची यांत गुपचूप थोडा फरक ठेवता येत होता. चित्र स्पष्ट होतं तोवर लोकांचं उत्तर डोळ्याच्या बाजूला झुकलेलं होतं. मग चित्र पायरीपायरीने अस्पष्ट केलं. जितकं ते अस्पष्ट झालं तितकं उत्तर हाताच्या बाजूला सरकत गेलं. दोन्ही मिळून दिलेला अंदाज एकट्या डोळ्याच्या किंवा एकट्या हाताच्या अंदाजापेक्षा नेमका होता. म्हणजे मेंदू कुणा एका इंद्रियाला कायमचं मोठेपण देत नाही. त्या घटकेला कोण किती खात्रीचं बोलतंय ते बघून तो प्रत्येकाला वजन देतो, आणि हे सगळं आपल्या नकळत.

हे वाचलं तेव्हा मला अढीच्या खोलीतला मंद उजेड आठवला. त्या उजेडात आम्ही डोळस मंडळीसुद्धा जरा जास्त नाकाने आणि हाताने काम करतो. भर उन्हात अंगणात त्याच पेट्या घेऊन बसलो की रंगावर जातो. माणसं तीच, आंबे तेच.

पण हात नेहमी खरं बोलतो असंही नाही. सारख्याच वजनाच्या दोन वस्तू घ्या, एक आकाराने लहान आणि एक मोठी. लहान वस्तू हातात जड लागते. १८९१ मध्ये फ्रान्समधल्या ऑगस्तँ शार्पांतिए ह्या डॉक्टरने हे नोंदवलं. कारण असं दिलं जातं की मोठी वस्तू बघताच मेंदू जास्त वजनाची तयारी करतो. ती अपेक्षा पुरी झाली नाही की वस्तू हलकी भासते. मला त्याहून विलक्षण वाटतो तो २००० साली रँडी फ्लॅनॅगन आणि मायकेल बेल्टझ्नर यांनी दाखवलेला पुढचा भाग. अशा वस्तू पुन्हा पुन्हा उचलायला लावल्या तर थोड्याच वेळात बोटं शिकतात. दोन्ही वस्तूंना नेमका सारखा जोर लावू लागतात. आणि तरीही माणूस म्हणत राहतो, लहान वस्तूच जड आहे. बोटांना सत्य कळलेलं आहे, पण ती बातमी जाणिवेपर्यंत पोचत नाही. चार डझनी पेटीतला मोठा आंबा "पोकळ वाटतो" म्हणून ठेवून देणारी आणि सहा डझनीतला लहान आंबा "कसा भरलेला आहे" म्हणून उचलणारी माणसं मी बघते तेव्हा हे आठवतं.

आता नावाकडे येते, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

चव जिभेवर असते असं आपण समजतो. आमरसाची वाटी घ्या, नाक चिमटीत धरा आणि एक चमचा तोंडात घाला. गोड, किंचित आंबट, दाट. बस. तो हापूस आहे की पायरी, जीभ सांगू शकत नाही. नाक सोडा. घशाच्या मागच्या वाटेने वास नाकात चढतो आणि हापूस एकदम हजर होतो. गंमत अशी की तो हजर होतो तोंडात, नाकात नाही. काम नाक करत असतं, पण घास तोंडात आहे, जीभ हलते आहे, तिला स्पर्श होतो आहे, म्हणून मेंदू त्या वासाचा पत्ता तोंडाचा लावतो. आपण ज्याला चव म्हणतो ती मुळातच अशी अनेकांनी मिळून केलेली गोष्ट आहे.

आणि वास ह्या जाणिवेची पकड सैल असते. रंगाबद्दल दोन माणसांचं चटकन एकमत होतं, वासाबद्दल होत नाही. ओळखीचा वास आला तरी "कशाचा बरं हा" म्हणत आपण चाचपडतो. अशा सैल जागी नाव सहज शिरतं. ऑक्सफर्डमध्ये एडमंड रोल्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना एकच वास दिला. कधी त्यासोबत "चेडर चीज" असे शब्द दाखवले, कधी "अंगाचा वास". चीज म्हटल्यावर तोच वास लोकांना अधिक सुखद वाटला. फक्त तोंडाने तसं सांगितलं असं नाही. वासाशी संबंधित मेंदूच्या भागांतली हालचालही शब्दांबरोबर बदलली. त्याआधी, २००१ मध्ये, फ्रान्समधल्या बोर्दोच्या ५४ विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. हे विद्यार्थी वाइनचंच शिक्षण घेणारे. त्यांना पांढरी वाइन दिली, पण वास नसलेल्या रंगाने ती लाल केलेली होती. तिच्या वासाचं वर्णन त्यांनी लाल वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केलं.

हा प्रयोग सांगताना लोक सहसा त्या विद्यार्थ्यांना हसतात. मला हसू येत नाही. जन्मभर लाल दिसलेल्या वाइनला लाल वाइनचाच वास आला असेल, तर रंगावर भरवसा ठेवणं हे शहाणपण आहे. त्यांचं नाक नीट काम करत होतं. त्यांच्यासमोर अशी वस्तू ठेवली गेली जी जगात नैसर्गिकपणे भेटत नाही. शिवाय त्यांनी जे शब्द लिहिले ते त्यांच्या अनुभवाचेच होते. त्यात कुणी खोटं बोललं नव्हतं.

आधी मिळालेली सूचना नेहमी फसवतेच, असं म्हणणंही मला अर्धवट वाटतं. १९८१ मध्ये रॉबर्ट रेमेझ आणि सहकाऱ्यांनी बोललेल्या वाक्यातला बाकी सगळा आवाज काढून टाकला आणि त्याच्या मुख्य कंपनांप्रमाणे वर-खाली होणाऱ्या तीन शिट्ट्या तेवढ्या ठेवल्या. काही न सांगता ऐकवलं तर बहुतेकांना विचित्र शिट्ट्या ऐकू आल्या. "हे बोलणं आहे" असं आधी सांगितलं, तर बऱ्याच जणांना वाक्य कळलं. अशा ध्वनिफिती आता सहज ऐकायला मिळतात. जरूर ऐकून बघा. एकदा वाक्य कळलं की परत नुसत्या शिट्ट्या ऐकणं फार कठीण जातं. इथे सूचनेने काही खोटं कानात घातलं नाही. जे आधीपासून तिथे होतं ते तिने उघड केलं.

माझ्याबाबतीत पायरीचं असंच झालं. लहानपणी पायरी आणि हापूस मला रंगारूपाने कळायचे, वासाने नाही. एकदा काकूने दोन्ही माझ्या नाकाशी धरले. "पायरीला पुढे आंबटाची धार आहे बघ. हापूस आधी काही बोलत नाही, मागनं येतो." तेव्हापासून मला डोळे मिटून दोन्ही वेगळे कळतात. तिने दिलेलं वर्णन माझ्या नाकाला आधी न सापडलेली जागा दाखवून गेलं. गुरू शिकवतो तोही बराचसा असाच. "इथे ऐक" म्हणतो, आणि आपल्याला स्वर ऐकू येतो.

मात्र पूर्वसूचनेच्या नावाखाली जे जे सांगितलं जातं ते सगळं मी एका पारड्यात टाकत नाही. एक शब्द वाचला की त्याच्याशी नातं असलेला दुसरा शब्द लवकर ओळखता येतो, "डॉक्टर"नंतर "नर्स", हे मेयर आणि श्वानेव्हेल्ट यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि ते आजवर टिकून आहे. पण १९९६ मध्ये जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांनी असं मांडलं की म्हातारपणाशी निगडित शब्द वाचायला दिले की तरुण माणसं बाहेर पडताना हळू चालतात. हे अनेक पुस्तकांतून आणि भाषणांतून फिरलं. २०१२ मध्ये ब्रसेल्समध्ये स्टेफान डोएन आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग चालण्याचा वेग यंत्राने मोजून केला, तेव्हा तसं काही दिसलं नाही. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. प्रयोग घेणाऱ्यांपैकी काहींना आधीच सांगून ठेवलं की माणसं हळू चालतील. ज्यांना तसं सांगितलं होतं त्यांच्यासमोरच परिणाम दिसला. म्हणजे सूचनेचा परिणाम शोधायला निघालेल्या माणसांवरच सूचनेचा परिणाम झालेला होता.

माझ्यासाठी ह्या सगळ्याचा अर्थ साधा आहे. नाव, किंमत, कुणाचा शब्द हे सगळं मेंदूपुढे आणखी एका साक्षीदारासारखं उभं राहतं. बाकीचे साक्षीदार खात्रीने बोलत असतील तर त्याचं फारसं चालत नाही. ते पुटपुटत असतील तर सगळा निकाल त्याच्या तोंडून लागतो. म्हणून नाव खोडून काढण्यापेक्षा हात, नाक आणि डोळा यांना नीट बोलायला वेळ देणं जास्त गरजेचं.

घरी हे एकदा फार स्पष्ट दिसलं. मे महिन्यात सगळे जमलेले, पुतण्याने एकाच आंब्याच्या फोडी दोन बशांत घातल्या. एक बशी ठेवताना म्हणाला, "हा विहिरीजवळच्या कलमाचा." दुसरी ठेवताना, "हा बाजारातला, पाहुण्यांनी आणलेला." विहिरीजवळचं कलम आजोबांनी लावलेलं. सगळ्यांना पहिल्या बशीतल्या फोडी जास्त सुवासिक लागल्या, दुसऱ्या बशीतल्या "गोड आहेत, पण तसा वास नाही". काकूने दोन्ही बशांतली एकेक फोड हातात घेतली, बोटांनी कापाची कड चाचपली, वास घेतला, खाल्ली आणि विचारलं, "एकाच आंब्याचं कापलंयस का रे?" कापाचा मऊपणा, रेषा, गारवा, सगळं बोटांना सारखं लागलं होतं. बाकीच्यांनी फोडी काट्याने उचलल्या होत्या.

ह्यावरून गावाच्या नावात काही अर्थ नाही असं कुणी म्हणेल, तर ते मला मुळीच मान्य नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरीच वर्षं काम झालं आहे. पिकताना त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन जातीची द्रव्यं तयार होतात, आणि वेगवेगळ्या भागांतल्या हापूसमध्ये वासाच्या द्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं. माती, समुद्राची हवा, कातळ, ह्यांचा फळावर परिणाम होतो. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला हा आधार आहे. आणि म्हणूनच दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो तेव्हा मला राग येतो. बागायतदाराने वर्षभर मोहोर, तुडतुडे, अवकाळी पाऊस सोसून जे नाव कमावलं, तेच नाव गिऱ्हाइकाच्या कानात सोडून दुसरं फळ त्याच्या जिभेवर गोड केलं जातं. गिऱ्हाइकाला त्या क्षणी खरंच गोड लागतं, हीच तर अडचण. तक्रार करायला त्याच्याकडे काही उरत नाही. कर्नाटकातला आंबा कर्नाटकाच्या नावाने विकायला काहीच हरकत नाही. तो चांगला असतो आणि त्याच्या शेतकऱ्यालाही त्याचं नाव मिळायला हवं.

आमच्या घरात ह्यावर काकूचा एक जुना नियम आहे. कुठल्या कलमाचा आंबा हे पेटीवर खडूने लिहायचं, पण प्रतवारी झाल्यावर. अढीत प्रत्येक कलमाचा आंबा वेगळ्या कोपऱ्यात असतो आणि कोपरे तिला एकटीला माहीत असतात. फळं निवडायला आम्ही दोघी-तिघी बसतो, आमच्यापुढे ती टोपलीतून नुसती आणून ओतते. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "विहिरीजवळचा म्हटलं की तुम्ही डागी फळपण चांगल्यात टाकता. तुमच्या आजोबांच्या मायेने." कुणाला कुठलं औषध दिलंय हे तपासणाऱ्यालाही कळू न देण्याची जी काळजी प्रयोगशाळेतली मंडळी औषधांच्या चाचण्यांत घेतात ती तिने खडूच्या एका तुकड्यावर भागवली आहे.

काकूकडे बघून मला नेहमी एक जुना प्रश्न आठवतो. १६८८ मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्ववेत्ते जॉन लॉक यांना पत्र लिहिलं. जन्मतः न दिसणाऱ्या माणसाला स्पर्शाने गोळा आणि घन ओळखता येतात. त्याला अचानक दिसू लागलं, तर नुसतं बघून तो सांगू शकेल का, कुठला गोळा आणि कुठला घन? मॉलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता पुस्तकी नसावा असं मला वाटतं. त्याचं प्रत्यक्ष उत्तर आपल्या देशात मिळालं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले पवन सिन्हा यांनी भारतात "प्रोजेक्ट प्रकाश" सुरू केला. गावोगावची जन्मापासून न दिसणारी पण उपचार होऊ शकतील अशी मुलं शोधायची, दिल्लीत त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची, आणि त्यातूनच मेंदू बघायला कसा शिकतो ते समजून घ्यायचं. ह्या कामात इलाज आधी येतो, अभ्यास त्याच्या मागून, म्हणून मला त्याबद्दल विशेष आदर आहे.

२०११ मध्ये त्यांनी पाच मुलांवरचे निष्कर्ष मांडले. वयं ८ ते १७. शस्त्रक्रियेनंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार त्यांना दिले. हाताने चाचपलेला आकार हाताने परत ओळखणं त्यांना जवळजवळ बिनचूक जमलं. बघितलेला आकार बघून ओळखणंही जमलं. पण चाचपलेला आकार बघून ओळखायला सांगितला तेव्हा शंभरात साधारण ५८ उत्तरं बरोबर आली, आणि नुसत्या अंदाजाने ठोकूनही पन्नास येतातच. डोळा आणि हात एकाच डोक्यात राहून एकमेकांना ओळखत नव्हते. मात्र काही मुलांची नंतर परत चाचणी घेतली तेव्हा त्यांच्यात मोठी सुधारणा दिसली, आणि एका मुलाला तर त्यासाठी पाचच दिवस लागले. मधे कुणी धडे दिले नव्हते. मुलं आपापली वावरत होती. वस्तू उचलत होती, फिरवत होती, ठेवत होती.

ह्या शोधनिबंधावर पहिलं नाव आहे रिचर्ड हेल्ड यांचं. तेव्हा ते नव्वदीच्या उंबऱ्यावर होते. ह्याच हेल्ड यांनी ॲलन हाइन यांच्यासोबत १९६३ मध्ये मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग केला होता. अंधारात वाढवलेली पिल्लं, दोघं एका फिरत्या दांड्याला जोडलेली, सभोवती उभ्या पट्ट्यांची भिंत. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले. दुसरं पाळण्यात बसून त्याच्याबरोबर फिरे. दोघांच्या डोळ्यांपुढून सारखंच दृश्य सरकत होतं. नंतर तपासलं तेव्हा चालणारं पिल्लू जमिनीजवळ आणताच पंजे पुढे करायचं, खोलगट कडेपासून मागे सरायचं. पाळण्यातल्याला ते जमेना. मोकळं सोडून स्वतः चालू दिल्यावर तेही शिकलं. पिल्लांचं ते बालपण मला अस्वस्थ करतं, हे सांगितल्याशिवाय मी हा प्रयोग कुणाला सांगत नाही. पण त्यातून जे कळलं ते पुसता येत नाही. नुसतं डोळ्यापुढून गेल्याने जग कळत नाही. आपण काही केलं आणि त्याने समोर काही बदललं, ह्या देवघेवीतून इंद्रियं एकमेकांशी बोलायला शिकतात.

म्हणून मोबाइलवरून मागवलेल्या आंब्याबद्दल माझ्या मनात शंका राहते. सोय आहे, मीही घाईत मागवते. पण तिथे फोटो, नाव, किंमत आणि तारे एवढंच आधी मिळतं, आणि फळ हातात येईपर्यंत निकाल जवळपास लागलेला असतो. किंमत जास्त असली की चव चांगली लागते, हे वाइनच्या बाबतीत २००८ मध्ये हिल्के प्लासमान आणि सहकाऱ्यांनी दाखवलेलंच आहे. एकच वाइन, दोन किमती सांगितल्या, महागडी म्हणून सांगितलेली लोकांना अधिक आवडली. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला तर निवडीचा प्रश्नच नसतो. त्याच्या हाती विमानाने आलेला खोका आणि त्यावरचं नाव येतं. माझी चुलतबहीण दुबईत असते. ती खोका उघडल्यावर मुलांना आधी सगळी फळं हाताळायला लावते, वासाप्रमाणे ओळीने मांडायला सांगते, आणि मगच कापते. मुलं आता ओळ लावताना भांडतात, "हा दोन दिवसांनी, हा आज", आणि बहुतेक वेळा धाकटीचं बरोबर येतं. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. ती सगळ्यात जास्त वेळ फळ हातात ठेवते, एवढंच.

मी मार्केट यार्डात माझ्यापुरता एक शिरस्ता ठेवला आहे. गाळ्यावरच्या काकांना मी आधीच सांगते की नाव नंतर सांगा. दाबल्याने फळं खराब होतात हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. दिवसभरात शंभर अंगठे लागले तर आंबा संध्याकाळपर्यंत काळा पडतो. म्हणून मी दाबत नाही. वजन घेते, साल बघते, देठाशी आणि टोकाशी वास घेते, दोन पेट्यांमध्ये फरक वाटला तर परत पहिलीकडे जाते. मग एक फळ विकत घेऊन तिथेच कापायला सांगते, कारण आत साका असेल तर बाहेरून हात, नाक, डोळा कुणालाही कळत नाही. ती पांढरी, आंबट, बुचासारखी जागा कापल्याशिवाय दिसतच नाही. हे सगळं झालं की विचारते, कुठला आहे. काका एकदा देवगड म्हणतात, एकदा पावस, आणि एकदा, जरा थांबून, "तुमकुरचा आहे ताई, पण ह्या वेळी माल बरा आलाय." तुमकुरची ती पेटी मी घेतली. घरी पहिल्या दिवशी ताटावर वाढतानाच सगळ्यांना सांगितलं की हा कर्नाटकचा आहे. दुसऱ्या दिवशी न सांगता वाढला, आणि तेव्हा भावजयीने विचारलं की पेटी बदललीस का.

काकूला फोनवर हे सांगितलं तर तिने नावाबद्दल काहीच विचारलं नाही. तिला एवढंच हवं होतं की देठाशी चीक वाळलेला होता की ओला, आणि पेंढा बदलला का.